शाहू महाराजांचा खडखडा: घोडागाडीचा नाद कुठून आला आणि कुठं चाललाय

मोबाईल उघडला की अधूनमधून एक रील समोर येतं. डांबरी रस्ता, त्यावर भरधाव सुटलेल्या दोन घोडागाड्या, आजूबाजूला मोटरसायकलींचा लोंढा, हॉर्न आणि आरडाओरडा. खाली कमेंटमध्ये कुणी गावची शान म्हणून मिरवतो, तर कुणी घोड्याच्या तोंडाला आलेल्या फेसाकडं बोट दाखवतो. मग दोन्ही बाजूंची जुंपते.

नवी मुंबईत कोपरखैरणे-घणसोलीच्या माथाडी वसाहतींत असं रील फिरलं तर नवल नाही. वाशीच्या बाजारात ओझी उचलणारी बरीच कुटुंबं सातारा, सांगली, कोल्हापूरकडून आलेली. गावची यात्रा चुकली तरी शर्यत मोबाईलवर बघता येते. बाकी हे शहरच 1970 नंतर सिडकोनं हायवे, रेल्वे आणि सेक्टर आखून वसवलं. इथं घोडागाडीचा संबंध उरला तो लग्नाच्या वरातीपुरता.

घोड्याला गाडी जुंपून पळवायचा हा खेळ फक्त आपलाच नाही. अमेरिका, कॅनडा, फ्रान्स, स्वीडन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथं त्याला हार्नेस रेसिंग म्हणतात. घोड्याच्या पाठीवर स्वार नसतो. मागं सल्की नावाची हलकी दोनचाकी गाडी असते आणि तिच्यात हाकणारा बसतो. घोड्यानं चौखूर उधळायचं नाही, ठरलेल्या दुडक्या चालीतच पळायचं. चाल मोडली तर वेग आवरून घोड्याला परत चालीवर आणावं लागतं, आणि त्यात शर्यत हातची जाते.

तिकडंही या खेळाला उतरती कळा लागलीय. ती का लागली आणि आपल्याकडं काय होणार, हे समजून घ्यायला कोल्हापूरच्या एका गाडीची गोष्ट उपयोगी पडते. गाडीचं नाव खडखडा. हाकणारे होते राजर्षी शाहू महाराज.

कागलचा यशवंत

26 जून 1874 रोजी कागलच्या घाटगे घराण्यात मुलगा झाला. नाव ठेवलं यशवंतराव. वडील जयसिंगराव उर्फ आबासाहेब कागलचे जहागीरदार, आई राधाबाई. यशवंत तीन वर्षांचा व्हायच्या सुमारास आई गेली.

तेव्हा कोल्हापूरच्या गादीला वारस नव्हता. चौथे शिवाजी महाराज 1883 मध्ये अहमदनगरला इंग्रजांच्या नजरकैदेत वारले होते. त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी 17 मार्च 1884 रोजी यशवंतरावाला दत्तक घेतलं आणि नाव ठेवलं शाहू. दहा वर्षांचंही न झालेलं पोर एका दिवसात छत्रपती झालं. दोनच वर्षांत वडीलही गेले.

पुढचं शिक्षण राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि मग धारवाडला झालं. धारवाडला स्टुअर्ट फ्रेझर नावाचे इंग्रज अधिकारी गुरू म्हणून लाभले. संस्थानिकांच्या पोरांना तेव्हा इंग्रजी, इतिहास आणि कारभारासोबत घोड्यावर बसणंही शिकावं लागायचं. शाहूंना ते शिकवावं लागलं असेल असं वाटत नाही. घोडा, शिकार आणि कुस्ती या तीन गोष्टींचा नाद त्यांच्या अंगातच होता. अंगकाठी धिप्पाड, ताकद अफाट.

1891 मध्ये बडोद्याच्या खानविलकर घराण्यातल्या लक्ष्मीबाईंशी लग्न झालं. त्याच वर्षी मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली. 2 एप्रिल 1894 रोजी वीस वर्षांच्याही आतल्या शाहूंनी राज्याची सूत्रं हाती घेतली.

रेल्वे आली असली तरी ती एका ठिकाणी येऊन थांबायची. पन्हाळा, भुदरगड, राधानगरीकडच्या डोंगराळ मुलखात जायचं तर घोडा, बैलगाडी नाहीतर पाय. राजाला राज्य बघायचं असेल तर पागा चांगली ठेवावीच लागायची. त्या काळात घोडा हौसेआधी कामाचा होता, हे इथं लक्षात ठेवायचं.

खडखडा म्हणजे नेमकं काय

संस्थानिकांच्या गाड्या म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर येते ती चांदीची बग्गी, मखमली गादी आणि मऊ स्प्रिंग. खडखडा यातलं काहीच नव्हता. नवा घोडा गाडीला सरावा म्हणून वापरायची ती दणकट, जड, मोकळी चारचाकी. चालताना एवढा आवाज करायची की तिचं नावच खडखडा पडलं.

घोडा मुळात भित्रं जनावर. रानात त्याचा जीव पळण्यावर अवलंबून असायचा, त्यामुळं मागून आवाज आला की तो उधळतो. अशा जनावराच्या पाठीमागं चाकं बांधायची आणि त्यानं शांत चालायचं, हे त्याच्या स्वभावाच्या उलट आहे. म्हणून त्याला टप्प्याटप्प्यानं शिकवावं लागतं. आधी अंगावर नुसता साज चढवायचा. मग लगामाची आणि हाकणाऱ्याच्या आवाजाची सवय लावायची. मग मागं ओझं ओढायला द्यायचं. डोळ्यांच्या बाजूला झापडं लावायची, म्हणजे मागचं फिरतं चाक दिसत नाही. शेवटी मुरलेल्या घोड्याच्या जोडीला नवा घोडा जुंपायचा.

इथं खडखडा कामाला येतो. गाडी जड असली की घोडा उधळून फार लांब जाऊ शकत नाही. आवाज सतत होत राहिला की काही दिवसांनी घोड्याला त्याचं काही वाटेनासं होतं. या कामात चाबकापेक्षा सबुरी जास्त लागते. मारून शिकवलेला घोडा गर्दीत दगा देतो, हे कुठलाही जुना टांगेवाला सांगेल.

तर अशी घोडे शिकवायची गाडी महाराजांनी रोजच्या वापरासाठी निवडली. उंच बैठकीवर बसायचे, लगाम हातात घ्यायचे आणि निघायचे. आवाज लांबूनच यायचा, त्यामुळं महाराज येतायत हे गल्लीला आधीच कळायचं. गाडीला छत नाही, पडदा नाही. राजा लोकांना दिसायचा आणि राजाला लोक दिसायचे.

गाडी, पागा आणि जात

सत्ता हातात आल्यावर पाचच वर्षांत वेदोक्त प्रकरण घडलं. पंचगंगेवर स्नानाला गेलेल्या छत्रपतींसाठी वैदिक मंत्र म्हणायला पुरोहितानं नकार दिला. राजाची ही गत असेल तर बाकीच्यांचं काय, हा प्रश्न मग शाहूंनी आयुष्यभर सोडला नाही.

1901 मध्ये कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू झालं. पुढं जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य अशा वेगवेगळ्या समाजांसाठी वसतिगृहं उभी राहिली. 1902 मध्ये महाराज सातव्या एडवर्ड राजाच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले होते. ते तिकडं असतानाच 26 जुलैला करवीरच्या गॅझेटमध्ये हुकूम निघाला. रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी निम्म्या मागास वर्गांसाठी राखीव.

त्याच प्रवासात त्यांनी रोमचं कलोसियम बघितलं. परत आल्यावर त्याच्या धर्तीवर कोल्हापुरात खासबाग मैदान बांधायचं ठरलं आणि 1912 मध्ये ते तयार झालं. मधोमध हौदा, चारी बाजूंनी चढत जाणारी बैठक, कुठंही बसलं तरी कुस्ती दिसणार.

घोड्यांच्या पागेतही जात होतीच. घोड्याची देखभाल करणाऱ्याला मोतद्दार म्हणतात. खरारा करणं, दाणा-वैरण घालणं, लीद काढणं, नालाकडं लक्ष देणं ही त्याची कामं. घोड्याजवळ तो चोवीस तास असायचा. पण घोडा ज्या हौदावर पाणी प्यायचा, त्या हौदाला काही मोतद्दारांनी हात लावायचा नाही असा रिवाज होता.

शाहूंनी या रिवाजाच्या नेमक्या उलट्या बाजूनं सुरुवात केली. अस्पृश्य समाजातल्या लोकांना माहूत, कोचमन, ड्रायव्हर म्हणून नेमलं. हत्ती, बग्गी आणि मोटार या राजाच्या रुबाबाच्या जागा. त्याच जागांवर समाजानं दूर ठेवलेली माणसं आली. बग्गीचा लगाम ज्याच्या हातात, त्याच्या मागं राजा आपला जीव सोपवून बसतो. विटाळ मानणाऱ्यांना यापेक्षा स्पष्ट उत्तर काय असणार?

गंगारामच्या हॉटेलासमोर

यातला सगळ्यात गाजलेला किस्सा गंगाराम कांबळे यांचा. गंगाराम महाराजांच्या पागेत मोतद्दार होते. एके दिवशी हौदाच्या पाण्याला शिवल्याच्या आरोपावरून पागेतल्याच सवर्ण नोकरांनी त्यांना बेदम मारलं. महाराज तेव्हा कोल्हापुरात नव्हते. परत आल्यावर गंगाराम सोनतळीच्या मुक्कामी त्यांच्यासमोर गेले आणि पाठीवरचे वळ दाखवले.

महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली. पण गंगारामला पुन्हा त्याच हौदाशेजारी उभं करून काय होणार, हेही त्यांना दिसत होतं. त्यांनी गंगारामना पैसे दिले आणि स्वतःचा धंदा काढायला सांगितलं. कोल्हापूरच्या भाऊसिंगजी रोडवर, म्हणजे भर रहदारीत, गंगारामनी चहाचं हॉटेल टाकलं. नाव दिलं सत्यसुधारक.

हॉटेल स्वच्छ, चहा चांगला, पण गिऱ्हाईक फिरकेना. महाराच्या हातचा चहा प्यायचा कसा, हा प्रश्न गावाला पडला होता.

मग खडखडा त्या रस्त्यानं यायला लागला. महाराज हॉटेलासमोर गाडी थांबवायचे, चहा मागवायचे आणि सगळ्यांच्या देखत प्यायचे. बरोबर बसलेल्या वरच्या जातीच्या सरदारांना आणि अधिकाऱ्यांनाही चहा घ्यावा लागायचा. छत्रपती पितायत म्हटल्यावर नको म्हणणार कोण? उघडी गाडी असल्यामुळं येणारा-जाणारा प्रत्येक जण हे बघत होता. बंद मोटारीत बसून कपातला चहा प्यायला असता तर गावाला काय कळलं असतं?

कायदे नंतर आलेच. 1917 मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय, 1919 मध्ये शाळा, दवाखाने आणि सार्वजनिक जागी शिवाशिव पाळायला बंदी. मार्च 1920 मध्ये माणगावच्या परिषदेत महाराजांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अस्पृश्य समाजाचे पुढारी म्हणून सगळ्यांसमोर आणलं. पण कागदावरचा हुकूम आणि रस्त्यावरचा माणूस यांच्यातलं अंतर तोडायला त्यांनी ही घोडे शिकवायची गाडीही वापरली.

नादाची किंमत

घोड्याचा नाद फक्त रुबाब देत नाही, हे महाराजांना 1918 मध्ये कळलं. धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडले आणि 12 जूनला त्यांचं निधन झालं. वय एकोणीसच्या आसपास. वर्षभरापूर्वीच लग्न झालेलं. पत्नी इंदुमतीदेवी जेमतेम बारा वर्षांच्या.

त्या काळात राजघराण्यातल्या बालविधवेचं पुढचं आयुष्य ठरलेलं असायचं. पडदा, व्रतवैकल्यं आणि वाड्याची एक खोली. महाराजांनी घरातला विरोध पत्करून सुनेच्या शिक्षणाची सोय सोनतळीला केली. पुढं इंदुमतीदेवींनी कोल्हापुरात मुलींच्या शिक्षणासाठी मोठं काम केलं. ज्या शिकारीनं मुलगा नेला तिचा महाराजांना एकेकाळी केवढा नाद होता, हे लक्षात घेतलं की या निर्णयाचं वजन कळतं.

या धक्क्यातून महाराज पूर्ण सावरले नाहीत. तब्येत ढासळत गेली. 6 मे 1922 रोजी मुंबईत, खेतवाडीतल्या पन्हाळा लॉजमध्ये त्यांचं निधन झालं. वय अवघं 47.

कुस्ती तगली, घोडागाडी का नाही?

महाराजांनी कुस्ती आणि घोडा दोन्ही जपले. त्यातली कुस्ती आजही उभी आहे. दरबाराचा आधार गेला तरी तिला दुसरे आधार मिळाले. पैलवानाला पोलिसात, सैन्यात, रेल्वेत नोकरी मिळू लागली. 1961 पासून महाराष्ट्र केसरी सुरू झाली. साखर कारखान्यांनी मल्लांना मानधन दिलं.

घोडागाडीला यातलं काही मिळालं नाही. तिचा आधार होता रोजचं काम. टांगेवाल्याचा घोडा रोज भाडं मारून आपली वैरण आपण कमवायचा. यात्रेत शर्यत लागली तर तोच घोडा पळायचा. रिक्षा आली, एसटी आली आणि टांगा बसला. म्हणजे कमाई गेली, पण घोड्याचं पोट तसंच राहिलं. शर्यत असो-नसो, त्याला रोज खायला लागतंच.

आता शर्यतीसाठी पाळलेल्या घोड्याचा खर्च भागवायचा कशातून? बक्षिसातून, मालकाच्या खिशातून नाहीतर लपूनछपून लागणाऱ्या पैजांतून. एका शर्यतीवर एवढं सगळं टांगलं की चाबूक, टोचणी आणि नको ती औषधं यांचा मोह वाढतो. हौसेचं क्रौर्य इथून सुरू होतं.

परदेशातली गोष्टही फार वेगळी नाही. अमेरिकेत हा खेळ शेतकऱ्यांच्या आणि डॉक्टरांच्या रोजच्या गाड्यांमधून जन्मला. मोटार आल्यावर तो जुगाराच्या पैशावर उभा राहिला. न्यूयॉर्कजवळचा रूझवेल्ट रेसवे 1940 मध्ये रात्रीच्या दिव्यांखालच्या शर्यतींसाठी गाजला, 1988 मध्ये बंद पडला. सिडनीचं हॅरॉल्ड पार्क 2010 मध्ये बंद झालं आणि तिथं इमारती आल्या. आशियात मकाऊनं 1980 मध्ये हार्नेस रेसिंग आणून बघितलं. ते दशकभरही टिकलं नाही. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात ट्रॅकवरच्या स्लॉट मशीनच्या उत्पन्नातला वाटा या खेळाला मिळायचा. सरकारनं 2013 मध्ये ती योजना थांबवली आणि खेळाचे पाय लटपटले.

आपल्याकडं तर घोडेच कमी होतायत. 2019 च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टू मिळून साधारण 3 लाख 40 हजार उरले. आधीच्या 2012 च्या गणनेपेक्षा तब्बल 45 टक्क्यांनी कमी. सारंगखेड्याच्या बाजारात लाखोंचे घोडे बघायला गर्दी होते, पण ते बहुतेक हौसेचे आणि दिखाव्याचे.

कायदा कुठं उभा आहे?

अनेकांना वाटतं की बैलगाडा शर्यतीला परवानगी मिळाली म्हणजे घोडागाडीलाही मिळाली. तसं नाही.

प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा मूळ कायदा 1960 चा. सर्वोच्च न्यायालयानं मे 2014 मध्ये जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्रानं 2017 मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. डिसेंबर 2021 मध्ये अटींसह शर्यतींना वाट मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठानं या दुरुस्त्या वैध ठरवल्या. पण महाराष्ट्राची दुरुस्ती बैलगाडा शर्यतीपुरती आहे. घोड्यांचा त्यात समावेश नाही. त्यामुळं हायवेवर घोडागाड्या पळवल्या की गुन्हे दाखल होतात, आणि रहदारीच्या रस्त्यावर माणसांच्या जीवाला धोका होतो तो वेगळाच.

मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्यांचं काय झालं तेही आठवा. जून 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं निव्वळ मौजेसाठी चालणाऱ्या या घोडागाड्या बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात बंद करायला सांगितलं. घोडेवाल्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न उभा राहिला. पुढं त्याच घाटाच्या विजेवर चालणाऱ्या गाड्या रस्त्यावर आल्या. नवी मुंबईपासून जवळच्या माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्यामुळं घोड्याला अजून काम आहे. पण तिथंही 2022 च्या अखेरीस ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर धावू लागल्या.

म्हणजे घोडागाडीच्या शर्यतीपुढं रस्ते दोनच. एक, रस्त्यावरची धावपळ सोडून मैदानात यायचं. तिथं पशुवैद्य हवा, चाबकावर बंदी हवी, घोड्याचं वय आणि वजन ठरलेलं हवं, आणि त्यासाठी कायद्याची परवानगी मागायची. दोन, आहे तसं चालू ठेवायचं आणि एकेक गुन्हा, एकेक अपघात अंगावर घेत संपायचं. पहिल्या रस्त्यावरही घोड्याला वर्षभर कोण पोसणार हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर परदेशातल्या पैसेवाल्यांनाही नीट सापडलेलं नाही.

शाहू महाराजांचं नाव घेऊन या नादाची बाजू मांडणारे खूप भेटतात. त्यांचा घोड्यांचा नाद खराच होता. पण त्यांच्या गाडीचं नाव आज निघतं ते ती किती वेगानं पळायची म्हणून नाही. ती घोडे शिकवायची गाडी होती, आणि ती भाऊसिंगजी रोडवर एका चहाच्या हॉटेलासमोर थांबायची म्हणून लोक तिची आठवण काढतात.

महाराज गेल्यानंतर काही वर्षांतच कोल्हापूरच्या नर्सरी बागेत त्यांचं स्मारक उभं राहिलं. मोठे पुतळे, जयंत्या आणि सामाजिक न्याय दिन हे सगळं नंतरचं. ते पहिलं स्मारक उभारायला पुढाकार घेतला तो कुणा सरदारानं नाही, त्यांच्या पागेतल्या मोतद्दारानं. गंगाराम कांबळे यांनी.